मालकाच्या बाजूचा पाटा

पुसेगाव,
३ फेब्रुवारी १९४४

ती. दाजींना,

पाया पडतो. अक्काच्याही पडतो. मी जिवंत आहे, पुसेगावात आहे, आणि मिस्त्री झालो आहे. तिसरी बातमी वाचून तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे, तर आधी हसून घ्या आणि मग पुढचं नीट वाचा, कारण काम आहे.

झालं असं. काकाची मेंढरं विकायला मी जवळा बाजारला गेलो होतो. मेंढरं विकली गेली. काका म्हणाला, चल घरी. मी म्हटलं, तुमी व्हा पुढं, मी आलोच. तिथं एक अस्वलवाला आला होता. अस्वल म्हातारं होतं, नाचायच्या ऐवजी मधेच बसून अंग खाजवायचं, आणि लोकांना तेच जास्त आवडत होतं. मी त्याच्यामागं बाजारभर हिंडलो. हिंडता हिंडता पाहिलं तर भुसाराच्या ओळीपाशी एक मोटार उभी, आणि ती डाव्या कुशीवर कललेली, धार काढू न देणाऱ्या म्हशीसारखी. भोवती ही गर्दी. कुणी म्हणे चाक खचलं, कुणी म्हणे जमीन खचली. मी म्हटलं, चाकावरचा कमानपाटा मोडला.

दाजी, हा शब्द तुमचा. तुमच्या कारखान्यात अकरा दिवस नट खोलायचे पाने पुसून देत होतो तेव्हा तीन शब्द शिकलो होतो, त्यातला हा एक. बाकीचे दोन शिव्या आहेत. पण शब्द असा लागू पडला की गर्दी बाजूला झाली आणि मोटारीच्या मालकांनी माझ्याकडं मान वळवली. उत्तमराव मालक यांचं नाव. वजन तीन मण. पुसेगावची निम्मी जमीन त्यांची, आणि मान वळवायला त्यांना बराच वेळ लागतो. तू कोण, म्हणाले. मी म्हटलं, वाशीमच्या मोटार कारखान्यातला. ह्यात खोटं काही नाही.

मग मला मोटारीतून इथं आणलं. मोटारीतून म्हणजे बाहेरून, डाव्या पायरीवर उभा करून. तिथं आधीच एक शिपाई पिकदाणी घेऊन उभा होता. पुढं संतराम डायव्हर, त्याच्या डाव्या हाताला मुनशी उकंडराव मांडीवर पानाचा डबा घेऊन, आणि मागं मालक, दाराला टेकून. गाडी अशी चालत होती की मला वाटलं आता पिकदाणी, शिपाई आणि मी तिघं एकाच खड्ड्यात जाऊ.

राहायला मी दगडोबा लोहाराकडं आहे. माणूस गरीब, बोलतो कमी. गावाचे फाळ, विळे, कुदळी सगळं तोच करतो आणि खळ्यावर धान्याचं बलुतं घेतो. त्याची बायको मंजुळाबाई तेवढं त्याच्या वाटचं बोलून घेते. आम्ही मागचा डावा पाटा खोलला. म्हणजे दगडोबानं खोलला, मी "सांभाळून" म्हणत होतो. सगळ्यात मोठी पट्टी मधोमध तुटलेली आहे. आता सांगा, ह्या पाट्यात असतं काय, आणि तो मोडतो काहून? लौकर लिहा. इथं मला सगळे मिस्त्रीसाहेब म्हणून राहिले आणि मला ते बरं वाटून राहिलं.

तुमचा,
सटवाजी

•

वाशीम,
९ फेब्रुवारी १९४४

चि. सटवाजी मिस्त्री यांना किसनरावाचा आशीर्वाद.

तुझ्या अक्कानं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा ती रडली, दुसऱ्यांदा हसली. मी दोन्ही वेळा हसलो.

आता ऐक, आणि वाचताना उठून कुठं जाऊ नको. पाटे एकावर एक का रचतात ते आधी समज. एकच जाड पट्टी घातली तर ती वाकणार नाही आणि प्रत्येक खड्डा बसणाऱ्याच्या मणक्यात जाईल. एकच पातळ घातली तर ती मोडेल. म्हणून पातळ पट्ट्यांची चवड करतात, मोठी वर, तिच्याखाली लहान, आणखी लहान. खड्डा आला की सगळ्या मिळून वाकतात, एकमेकींवर घसरतात, आणि परत आपल्या मूळ वळणावर, बाकावर येतात. वाकणं सगळ्याच लोखंडाला येतं. परत येणं पाट्याच्या पोलादालाच येतं.

मोठ्या पट्टीची दोन्ही टोकं वळवून डोळे केलेले असतात. एक डोळा गाडीच्या सांगाड्याला पक्का, दुसरा एका हलत्या कडीत. पाटा दबला की लांब होतो, मग ती कडी झुलून त्याला जागा देते. कडी गंजून बसली असेल तर नवा पाटाही मोडेल. ती रॉकेलनं धू, वंगण दे, हातानं हलते का बघ.

पट्टी कशाचीही करू नको. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव दिसायला लांबरुंद असते आणि खेड्यातल्या माणसाला पहिला विचार तिचाच येतो. तो येऊ देऊ नको. ते मऊ लोखंड. वाकलं की वाकलेलंच राहतं.

आणि काहीही करायच्या आधी गाडी सपाट जागी उभी करून मोज. चाकाच्या आसापासून वर सांगाड्यापर्यंत एक काडी धरायची. डावीकडं किती, उजवीकडं किती. गाडी रिकामी असताना किती आणि माणसं बसल्यावर किती. हे चार आकडे मला कळव. गाडी रिकामी असताना कलते की भरल्यावर, एवढं एक कळलं की अर्धं काम झालं.

अक्का म्हणते, मिस्त्रीसाहेबांनी आंघोळ करावी.

किसनराव

•

पुसेगाव,
२४ फेब्रुवारी १९४४

ती. दाजींना,

तुमचं पत्र मला मिळालं, पण पत्र आलं तेव्हा मी नव्हतो. मी औंढ्याला शिवरात्रीच्या जत्रेला गेलो होतो. आता मिस्त्री माणसानं जत्रेला जाऊ नये असं कुठं लिहिलेलं नाही. तिथं एक जण काचेच्या बांगडीतून उडी मारणारा उंदीर दाखवत होता. उंदीर उडी मारत नव्हता, तो माणूसच बांगडी पुढं सरकवत होता, आणि हे फक्त माझ्या लक्षात आलं. ते जाऊ द्या.

सांगायचं हे की तुमचं पत्र येईपर्यंत पाटा बसवून झाला होता. धावेचं लोखंड वापरायचं ठरलं होतं. दगडोबानं ते तापवून, ठोकून, डोळे वळवून असं केलं की बघत राहावं. मुनशी उकंडरावांनी वर बिब्बा आणि लिंबू बांधलं, डाव्या बाजूला कुणाची तरी नजर आहे म्हणून. पाटा चार दिवस चालला. पाचव्या दिवशी शिवरात्र. मालक नागनाथाच्या दर्शनाला निघाले आणि वाटेत मोटार जी डावीकडं बसली ती उठलीच नाही. पट्टी उन्हात वाळलेल्या पापडासारखी सपाट झाली होती. मी औंढ्यात दर्शनाच्या रांगेत उभा होतो, तर समोरून मालक आले, कडब्याच्या गाडीत, कडब्यावर बसून. तीन मणाचा माणूस कडब्यावर बसला की कडबाही एका बाजूला जातो. लोकांनी हात जोडले. देवाला की मालकाला, हे त्या गर्दीत कळलं नाही. मी रांगेतून निघालो आणि देवळाच्या मागच्या बाजूनं दर्शन घेतलं.

दुसऱ्या दिवशी वाड्यासमोर सगळ्यांना बोलावलं. मालक म्हणाले, गावाच्या लोहारानं आपल्याला देवाच्या दारात कडब्यावर बसवलं. पाडव्यापर्यंत मोटार सरळ झाली नाही तर दगडोबानं ऐरण उचलावी. सेनगावचा लोहार यायला तयार आहे. दगडोबाचं घर आणि भट्टी मालकाच्या जागेत आहे, म्हणजे ऐरणीबरोबर घरही उचलायचं. दगडोबा मान खाली घालून उभा होता. मीही उभा होतो.

मंजुळाबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भाकरी मात्र वाढते, ताटात जरा लांबून टाकते.

दाजी, एक खरी पट्टी पाठवा. तुमच्या भंगारात असेल. मोजायचं राहून गेलं, गाडी तेव्हा वाटेत पडलेली होती.

तुमचा,
सटवाजी

•

वाशीम,
२९ फेब्रुवारी १९४४

चि. सटवाजीला आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि त्या लोहाराचा राग आला. नांगराचे फाळ ठोकणाऱ्यानं मोटारीला हात लावायचा तर आधी विचारावं. पाट्यावर माणसांचा जीव असतो. गाडी घाटात बसली असती म्हणजे? मालकानं त्याला ऐरण उचलायला सांगितलं ह्यात त्याचं फार चुकलं असं मला वाटत नाही. तुझी त्यात चूक नव्हती हे बरं, मात्र तू त्याला अडवायला हवं होतंस.

असो. एका मोडक्या मोटारीची मोठी पट्टी काढली आहे, डोळे शाबूत आहेत. लढाईमुळं नवं काही मिळत नाही, सगळं पोलाद तोफांच्या पोटात जातंय. कापसाच्या गाड्या परवा कनेरगाव नाक्यापर्यंत येतील, तिथून तू आण. स्वतः जा. वाटेत अस्वल, उंदीर, काहीही दिसलं तरी थांबू नको.

ही पट्टी दमली आहे, बाक गेला आहे. उजवीकडची पट्टी काढून तिच्यावर ठेवून बाक जुळवून घे. लाल तापवायची, बाक द्यायचा, परत लाल करून तेलात बुडवायची. पाण्यात नव्हे, पाण्यात काचेसारखी होईल. तेल करडईचं चालेल. मग ती ठिसूळ असते, म्हणून पुन्हा मंद आचेवर धरायची आणि लाकडाची काडी तिच्यावर घासत राहायची. काडीतून धूर येऊन बारीक ठिणगी दिसली की बाहेर काढून तशीच निवू द्यायची. एवढं त्या लोहाराला जमेल का ते देव जाणे.

चार आकडे. हे तिसऱ्यांदा सांगायला लावू नको.

अक्का विचारते, जेवू नीट घालतात ना?

किसनराव

•

पुसेगाव,
१४ मार्च १९४४

ती. दाजींना,

तुमचं मागचं पत्र मी दगडोबाला वाचून दाखवलं. तेलाचं आणि काडीचं वाचलं. वरचं गाळलं. पण त्या वरच्यात तुम्ही दगडोबाला जे बोललात ते माझ्या वाट्याचं आहे, म्हणून आधी तेच लिहितो. धावेचं लोखंड मी सांगितलं होतं. दगडोबा म्हणाला होता, हे मऊ हाय मिस्त्री, बसंल. मी म्हटलं, वाशीमला आमी हेच वापरतो. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला आणि मग भाता ओढायला बसला. मिस्त्रीसाहेब बोलले म्हटल्यावर तो काय करणार. वाड्यासमोर त्यानं माझं नाव घेतलं असतं तर मी सुटलो नसतो. त्यानं घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

आता कामाचं. नाक्यावरून पट्टी आणली. नाक्यावरच्या जकातीच्या शिपायानं विचारलं, हे काय. मी म्हटलं, मोटारीचा पाटा. त्यानं तिचा बाक बघितला, धार चाचपली, आणि ही अर्धी झालेली तलवार आहे असं त्याला वाटू लागलं. मग मी ती दोन धोंड्यांवर ठेवली आणि वर बसून हललो. मग तोही बसून हलला. मग दुसऱ्या शिपायाला बोलावून त्यालाही हलवलं. तासाभरानं सोडलं. ह्यात मी थांबलो असं धरू नका, मला थांबवलं.

दाजी, तुमचा तो लोहार काय चीज आहे ते तुम्ही बघायला हवं होतं. उजवीकडची पट्टी जमिनीवर ठेवून त्यानं राखेत तिची रेघ काढली आणि नवी त्या रेघेवर बसेपर्यंत सहा वेळा तापवली. तेलासाठी मंजुळाबाईनं घरातली करडईच्या तेलाची घागर आणून दिली. वर्षाचं तेल होतं ते. बुडवताना असा भडका झाला की माझी भुवई गेली. मग बाभळीची काडी घासत बसला, धूर आला, ठिणगी आली, आणि पट्टी हळूच राखेच्या बाजूला ठेवून म्हणाला, ही येईल परत. तुमची कडीही गंजलेलीच निघाली. ती धुतली, आता पाळण्यासारखी हलते.

गाडी जोडली आणि मी मोजलं. ऐका आकडे. रिकामी असताना डावीकडं अकरा बोटं, उजवीकडं अकरा बोटं. मी नाचायचाच राहिलो होतो. मालक आले, बघितलं, मान हलवली, आत बसले, मुनशी आणि शिपाईही आपापल्या जागी आले. डावीकडं सात बोटं, उजवीकडं अकरा.

मी पुन्हा मोजलं. सगळे उतरले, अकरा-अकरा. बसले, सात-अकरा. मग मला ती मोटार पहिल्यांदा दिसली. मालक डावीकडं. मुनशी डावीकडं. पिकदाणीवाला शिपाई डाव्या पायरीवर. उजवीकडं पुढं संतराम डायव्हर, आणि त्याचं वजन म्हणजे त्याची टोपी. मागं मालकाच्या शेजारी कोण? कुणी नाही. कधीच नाही. आठ वर्षं झाली मोटार घेऊन, पण त्या गादीवर मालकाशेजारी कुणी बसलेलं नाही. बरोबरीनं बसायचं कुणी? द्वारकाबाई मालकीणबाई बैलाच्या दमणीतून मागून येतात. आठ वर्षं एकच पाटा सगळं गाव वाहून राहिला, आणि दुसरा फिरायला येतो.

हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. संतरामाला विचारलं तर म्हणाला, ठाऊक हाय की, पण सांगायचं कुणी? मी मुनशींना म्हटलं, उजवीकडं सरकीचं एक पोतं ठेवू. मुनशींनी ते मालकाला असं सांगितलं की जणू पोत्यालाच बसायची हौस आहे. मालक म्हणाले, आता पोतंही आमच्या गादीवर बसणार काय?

आणि आता मालकाचं स्वतःचं म्हणणं ऐका. ते म्हणतात, "मी खाली उभा राहून बघतो तवा सरळ, मी बसलो का वाकडं. तोंडावर एक आन पाठीमागं एक. हे लोखंड निमकहराम हाय, आन तसंच लोहाराचं हाय." ह्यावर सगळे म्हणाले, व्हय मालक. पाडवा अकरा दिवसांवर आहे. मंजुळाबाईनं भांडी मोजून ठेवायला सुरुवात केली आहे.

काय करू?

सटवाजी

•

वाशीम,
१८ मार्च १९४४

चि. सटवाजीला,

दगडोबाला माझा रामराम सांग आणि माझं मागचं पत्र त्याला पूर्ण वाचून दाखव. माणसाला न बघता मी बोललो. मोटार मात्र मी कधी न बघता बोलत नाही, ह्याची मला लाज वाटते.

डावीकडं एक जास्तीची पट्टी घालता आली असती. मग मालक बसल्यावर गाडी सरळ आणि रिकामी असताना उजवीकडं कललेली. पण तशी पट्टी माझ्यापाशी नाही आणि लढाई संपेपर्यंत मिळणार नाही. डावा पाटा उजवीकडं आणि उजवा डावीकडं केलास तर वर्षभर निभेल, कलणं मात्र जाणार नाही. लोखंडाचं जेवढं काम होतं तेवढं दगडोबानं केलं आहे. राहिलं ते लोखंडाचं नाही.

तू मला विचारतोस काय करू. मिस्त्री दोन कामं करतो, बिघाड शोधतो आणि ज्याची गाडी त्याला सांगतो. शोधलास तू. न सांगता पळालास तर लोक तुला काही म्हणणार नाहीत, तू तसाही कुठूनही पळतोसच. पण त्या माणसाचं घर उठेल. आधी धावेचं सांग. ते सांगितल्याशिवाय दुसरं कुणी ऐकणार नाही.

अक्का पत्र ऐकून चुलीपाशी जाऊन बसली.

किसनराव

•

कनेरगाव नाका,
२७ मार्च १९४४

ती. दाजींना,

मी सांगितलं. कसं ते लिहितो, पण आधी हे की मी एकदा पळालो होतो. पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी. नदीपर्यंत गेलो, तिथं धनगराचं एक कोकरू चिखलात रुतलं होतं, ते काढून देत बसलो, आणि धनगर म्हणाला, कुठला तू? मी म्हटलं, पुसेगावच्या दगडोबाकडचा. तोंडातून गेलं ते. मग परत फिरलो.

पाडव्याला सकाळी वाड्यावर गुढी उभी केली. वर्षाचे सालदार ठरवायचे म्हणून सगळं गाव तिथंच होतं. दगडोबानं ऐरण आधीच उचलून आणली होती, एका गोणपाटावर ठेवून तिच्याशेजारी उभा होता. मालक म्हणाले, मोटार आणा. संतरामानं आणली. मालक बसले. मुनशी आणि शिपाई आपापल्या जागी आले. डावीकडं सात बोटं झाली असणार, मला काडीशिवायही दिसत होतं.

मी पुढं झालो आणि म्हटलं, धावेचा पाटा मी करायला लावला होता. दगडोबा नको म्हणत होता. मी वाशीमला मिस्त्री नव्हतो, पाने पुसत होतो. मालकांनी मान वळवली. त्यांना वेळ लागला.

मग मी काडी घेतली. मालक बसलेले असताना डावीकडं मोजलं, सगळ्यांना दाखवलं. उजवीकडं मोजलं, दाखवलं. म्हटलं, मालक, शिपाई आणि मुनशी खाली उतरू द्या, आणि उजवीकडच्या गादीवर कुणीतरी एक जण बसू द्या, मग मी पुन्हा मोजतो. शिपाई पायरीवरून उतरला, पण गादीकडं कुणी आलं नाही. मुनशी उकंडराव तर अशा घाईनं उतरून मागं सरकले की गुढीच्या पाटावर जाऊन आदळले. सालदार एकमेकांच्या पाठीमागं गेले. शंभर माणसं होती, दाजी, आणि एक बसेना. मालक सगळ्यांकडं बघत होते, आणि मला वाटतं पहिल्यांदा त्यांनाच कळलं की आपण आठ वर्षं किती मोठ्या गादीवर एकटे बसतो आहोत.

मालक म्हणाले, "दगडोबा, तू बस."

दगडोबानं हात धोतराला पुसले. मग पाय झटकले. मग दार उघडून गादीच्या कडेला टेकला, नवी नवरी टेकते तसा. मी म्हटलं, पुरा बस. तो पुरा बसला. गाडी हलली. उजवीकडची बाजू खाली आली आणि डावी थोडी वर. मी काडी लावली. इकडं आठ, तिकडं आठ. मी काडी तशीच धरून ठेवली आणि ज्याला बघायचं त्यानं येऊन बघितलं. मंजुळाबाईही आली, वाकून बघितलं, आणि पदर तोंडाला लावून मागं गेली.

मालकांनी शेजारी बघितलं. त्यांचा खांदा आणि लोहाराचा खांदा एका रेघेत होते. मग ते म्हणाले, "लोखंड चांगलं हाय. बलुतं चालू राहील." आणि त्याच दमात म्हणाले, "आता उतर खाली."

दगडोबा उतरला. शिपायानं लगेच गादी झटकली. दगडोबानं ऐरण उचलली आणि घरी घेऊन गेला. ती दोघांनी उचलायची असते, त्यानं एकट्यानं उचलली.

माझ्याबद्दल हुकूम झाला की संध्याकाळपर्यंत गावाची शीव ओलांडावी, कारण देवाच्या दारात कडब्यावर बसवणारा मीच ठरलो. ते खरंच आहे. निघताना दगडोबाच्या भट्टीपाशी गेलो. तुमचं पत्र पूर्ण वाचून दाखवलं, वरचंही. त्यानं ऐकून घेतलं आणि फाळ तापवत राहिला. मंजुळाबाईनं भाकरी बांधून दिली. म्हणाली, "बोललास ते बेस केलंस. पण एक महिना मी ह्या घरात पाहुणी म्हणून झोपले. तो महिना तुझ्या दाजीच्या कारखान्यात सरळ होतो का विचार." मी भाकरी घेतली आणि शिवेकडं निघालो.

दोन दिवस इथं नाक्यावर आहे. आज सकाळी चहा पीत बसलो होतो तर पुसेगावची मोटार वाशीमकडं जाताना दिसली. नाक्यावर थांबली. दोन्ही अंगं अगदी सारखी, लोक वळून बघत होते. संतरामानं मला ओळखलं, डोळ्यानंच हसला आणि हळूच सांगितलं की मालकानं गादीचा प्रश्न आपला आपण सोडवला. शिपाई आता मागच्या दमणीत असतो, मुनशी घरी. मालक मधोमध बसतात. उजवीकडं कुणी नाही, डावीकडं कुणी नाही. दार हाताला लागत नाही, धरायला काही नाही, म्हणून दोन्ही हात दोन्हीकडं गादीवर पसरून बसले होते. पान लावून द्यायला कुणी नव्हतं आणि तोंडात पान नव्हतं.

फाटक उघडलं. गाडी निघाली. पुढच्या वळणावर मालक आधी डावीकडं कलंडले, मग उजवीकडं, मग पुन्हा मधे आले. मोटार मात्र कुठंच कलली नाही.

तुमचा,
सटवाजी